हातात दोष की विमानात? रिमोटवरच्या कसरती विमानाचं ट्यूनिंग कसं करतात

संक्रांतीच्या आसपास नवापूरच्या गच्च्यांवर पतंगांची गर्दी होते. गुजरातची सीमा इथून इतकी जवळ आहे की नवापूर रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातमध्ये येतो. त्यामुळे उत्तरायणाचा उत्साह इथेही असतोच. या गर्दीत एखादा पतंग सारखा डावीकडे गिरक्या खायला लागला, तर उडवणारा मुलगा मांजाशी फार वेळ झटापट करत बसत नाही. तो पतंग खाली उतरवतो, कणी सोडून पुन्हा बांधतो किंवा उजव्या बाजूला कागदाचा एखादा कपटा चिकटवतो आणि परत उडवतो.

रिमोट कंट्रोलवर चालणारं विमान पहिल्यांदा उडवणारे मात्र बऱ्याचदा याच्या उलट वागतात. विमान डावीकडे ओढतं, उलटं केलं की नाक टाकतं, लूप घेताना वाकडं होतं. उडवणाऱ्याला वाटतं, आपला हातच अजून बसलेला नाही. मग तो महिनोन्‌महिने काड्या उलटसुलट हलवत विमानाचा दोष भरून काढायची सवय लावून घेतो. एके दिवशी जमिनीजवळ ती सवय अपुरी पडते आणि काही महिन्यांच्या बचतीतून घेतलेलं विमान शेतात तुकड्यांनी गोळा करावं लागतं.

प्रत्यक्षात नव्या विमानातले बरेचसे दोष मोजता येतात आणि ठरावीक क्रमाने काढून टाकता येतात. त्याला ट्यूनिंग किंवा ट्रिमिंग म्हणतात. ते कसं करायचं आणि नवापूरसारख्या ठिकाणी कोणती काळजी घ्यायची, हे समजून घेऊ.

कसरती विमान साध्या विमानापेक्षा वेगळं कसं?

शिकाऊ विमानाचे पंख दोन्ही बाजूंना किंचित वर उचललेले असतात. काड्या सोडल्या की ते आपोआप सरळ होतं. कसरती विमान मुद्दाम तसं बनवलेलं नसतं. त्याच्या पंखाचा छेद वरून आणि खालून सारखाच असतो, पंख सपाट असतात. सुलटं, उलटं किंवा एका पंखाच्या धारेवर, ज्या अवस्थेत सोडाल त्या अवस्थेत राहावं अशी त्याच्याकडून अपेक्षा असते.

त्यामुळेच त्यात छोटासा दोषही लगेच दिसतो. शिकाऊ विमान आपल्या स्वभावाने दोष झाकतं, कसरती विमान तो उघडा पाडतं.

या खेळाच्या जागतिक स्पर्धा फेडरेशन एरोनॉटिक इंटरनॅशनल ही संस्था घेते. रिमोटवरच्या कसरती विमानांच्या मुख्य वर्गाला 'एफ ३ ए' म्हणतात. त्यात विमानाची लांबी आणि पंखांचा विस्तार प्रत्येकी २ मीटरपेक्षा जास्त चालत नाही. प्रत्येक कसरतीला १० पैकी गुण मिळतात आणि कसरतीच्या अवघडपणानुसार त्यांना गुणकाने गुणलं जातं. रेषा किती सरळ, वर्तुळ किती गोल, यावर गुण कापले जातात. म्हणून तिथले खेळाडू सरावाइतकाच वेळ ट्यूनिंगला देतात.

आपल्याकडे अनेकांची या छंदाशी पहिली ओळख एनसीसीच्या एअर विंगमधल्या एरोमॉडेलिंगमुळे होते. घरच्या घरी सुरुवात करणारे बहुतेक जण फोमचं, साधारण १ मीटर पंखविस्ताराचं, बॅटरीवरचं विमान घेतात. या लेखातली उदाहरणं अशाच विमानाची आहेत: पंखविस्तार १.१ मीटर, पंखाची रुंदी २२ सेंटिमीटर, उडतानाचं वजन ९०० ग्रॅम.

मोटर, बॅटरी आणि पंखा यांचं गणित कसं जुळवायचं?

विजेच्या विमानात चार गोष्टी एकमेकींवर अवलंबून असतात: बॅटरी, मोटरचा वेग ताब्यात ठेवणारा ईएससी, मोटर आणि पुढचा पंखा, म्हणजे प्रोपेलर. यातली एक बदलली की बाकीच्या तीन तपासाव्या लागतात.

मोटरवर 'केव्ही' असा आकडा लिहिलेला असतो. १ व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेईल, हे तो सांगतो. १००० केव्हीची मोटर ३ सेलच्या, म्हणजे ११.१ व्होल्टच्या लिथियम पॉलिमर बॅटरीवर लावली तर पंख्याशिवाय ती साधारण ११,१०० फेरे घेईल. पंखा लावल्यावर फेरे कमी होतात आणि विद्युतप्रवाह वाढतो.

प्रवाह किती वाढेल, हे पंख्याच्या आकारावर ठरतं. पंख्यावर १० बाय ५ असं लिहिलेलं असेल, तर त्याची लांबी १० इंच असते आणि एका फेऱ्यात तो तत्त्वतः ५ इंच पुढे सरकतो. लांबी फक्त एक इंचाने वाढवली तरी प्रवाह एक तृतीयांशाने वाढू शकतो. 'थोडा मोठा पंखा लावून बघू' म्हणत ईएससी जाळणाऱ्यांची चूक इथेच होते. पंखा बदलला की वॉटमीटर लावून पूर्ण थ्रॉटलवर काही सेकंद प्रवाह मोजायचा आणि मगच उडवायचं.

समजा आपल्या विमानाने पूर्ण थ्रॉटलला ३० अँपिअर प्रवाह घेतला. ११.१ गुणिले ३० म्हणजे सुमारे ३३० वॉट. ९०० ग्रॅमच्या विमानासाठी हे किलोला ३७० वॉट पडतात. शिकाऊ विमानाला किलोला २०० ते २२० वॉट पुरतात. लूप, रोल, उलटं उडणं यासाठी ३०० च्या वर लागतात. पंख्यावर लटकून उभं राहण्यासारख्या थ्रीडी कसरतींसाठी ४०० च्या पुढे जावं लागतं. ३० अँपिअरला ईएससी ४० अँपिअरचा घ्यायचा. उन्हाळ्यात हा वरचा मोकळा भाग फार कामी येतो.

उड्डाणाची वेळही अशीच काढता येते. २२०० मिलिअँपिअर-अवरच्या बॅटरीतले ८० टक्केच वापरायचे, म्हणजे १७६०. सरासरी प्रवाह १५ अँपिअर धरला तर साधारण ७ मिनिटं मिळतात. रिमोटवरचा टायमर पहिल्या दिवशी ५ मिनिटांवर लावायचा. उतरल्यावर बॅटरी चार्ज करताना किती मिलिअँपिअर-अवर भरले ते बघायचं आणि त्यावरून टायमर वाढवायचा किंवा कमी करायचा.

टेबलावर आधी काय जुळवायचं?

ट्यूनिंगचा सगळ्यात महत्त्वाचा नियम असा: यंत्रातला दोष यंत्रातच काढायचा, रिमोटमधल्या आकड्यांनी तो झाकायचा नाही. आजच्या रिमोटमध्ये ट्रिम, सब-ट्रिम, ट्रॅव्हल, मिक्सिंग अशा अनेक सोयी असतात. शिवाय बऱ्याच रिसीव्हरमध्ये विमान स्थिर ठेवणारा जायरोही असतो. या सोयी आहेत म्हणून वाकडी जोडणी तशीच सोडायचा मोह होतो.

सुरुवात गुरुत्वमध्यापासून करायची, म्हणजे विमान ज्या बिंदूवर तोललं जातं तिथून. बॅटरी बसवून, उडवायच्या तयारीत, विमान पंखांखाली दोन बोटांवर तोलायचं. कसरती विमानात हा बिंदू साधारणपणे पंखाच्या पुढच्या धारेपासून रुंदीच्या २५ ते ३३ टक्क्यांवर असतो. आपल्या २२ सेंटिमीटर रुंदीच्या पंखात हे अंतर ५.५ ते ७.३ सेंटिमीटर येतं. पंख टोकाकडे निमुळता असेल तर सरासरी रुंदी धरावी लागते. पहिलं उड्डाण पुढच्या टोकावरून करायचं. नाक जड असलेलं विमान सुस्त उडतं, पण सावरता येतं. शेपूट जड असलेलं विमान पहिल्याच वळणावर हाताबाहेर जाऊ शकतं.

नाक-शेपटीसारखाच डावा-उजवा तोलही बघायचा. पुढे पंख्याचा दांडा आणि मागे शेपूट अशा दोन ठिकाणी दोऱ्याने विमान टांगायचं. एक पंख सारखा खाली जात असेल तर दुसऱ्या पंखाच्या टोकाला नाण्याएवढं वजन चिकटवायचं.

त्यानंतर सर्व्हो. हे छोटे यंत्र पंखावरचे एलेरॉन, शेपटीवरचा एलिव्हेटर आणि उभा रडर हलवतात. काडी मध्यावर असताना सर्व्होचा हात दांडीला काटकोनात हवा. तो नसेल तर स्क्रू काढून हात एक दाता पुढेमागे बसवायचा. उरलेला फरक दांडीच्या टोकाची क्लेव्हिस फिरवून काढायचा. हात काटकोनात नसला की पृष्ठभाग एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी हलतो. मग डावा रोल वेगळा आणि उजवा वेगळा होतो. एलिव्हेटर दोन तुकड्यांचा असेल तर दोन्ही भाग एका पातळीत आहेत का, हेही पट्टी लावून बघायचं.

एलेरॉन फार हलत असेल तर रिमोटमध्ये ट्रॅव्हल ४० टक्क्यांवर आणणं सोपं वाटतं. पण तसं केलं की सर्व्हो आपल्या हालचालीचा ४० टक्केच भाग वापरतो. त्याच्या दात्यांमधला ढिलेपणा मात्र तेवढाच राहतो, म्हणजे हालचालीच्या मानाने तो अडीचपट जाणवतो. त्यापेक्षा दांडी सर्व्होच्या हातावर आतल्या भोकात लावली तर हालचाल कमी होते आणि अचूकता टिकते. पाच मिनिटांचं काम आहे.

जायरो असेल तर ट्यूनिंग पूर्ण होईपर्यंत तो बंद ठेवायचा. नाही तर विमानाचा कोणता दोष आहे ते कळतच नाही. चालू केल्यावर त्याची दिशा जमिनीवर तपासायची. विमान हाताने डावीकडे कलंडवलं तर डाव्या पंखाचा एलेरॉन खाली जायला हवा. उलटं झालं तर उड्डाण काही सेकंदांचंच ठरेल.

शेवटी फेलसेफ. रिमोटचा सिग्नल तुटला तर मोटर बंद पडली पाहिजे. पंखा काढून, मोटर चालू ठेवून रिमोट बंद करून बघायचं. मोटर थांबली नाही तर त्या दिवशी विमान मैदानावर न्यायचं नाही.

रेट आणि एक्स्पो म्हणजे काय?

काडी पूर्ण ढकलल्यावर पृष्ठभाग किती अंश हलावा, हा झाला रेट. एकाच बटणावर दोन रेट ठेवता येतात. स्वच्छ लूप आणि रोलसाठी कमी रेट पुरतो: एलेरॉन सुमारे १५ अंश, एलिव्हेटर १० ते १२, रडर २० ते २५. थ्रीडी कसरतींना ३० ते ४५ अंश लागतात. पहिल्या उड्डाणाला नेहमी कमी रेट.

एक्स्पो वेगळा असतो. त्याने पृष्ठभागाची शेवटची हालचाल कमी होत नाही. काडीच्या मध्याजवळचा भाग फक्त मऊ होतो, म्हणजे बोट थोडं थरथरलं तरी विमान थरथरत नाही. कमी रेटला २५ ते ३० टक्के आणि जास्त रेटला ५० ते ६० टक्के एक्स्पो ही साधारण सुरुवात असते.

इथे एक धोका आहे. स्पेक्ट्रमच्या रिमोटमध्ये काडी मऊ करायला एक्स्पो अधिक चिन्हाचा द्यावा लागतो, फुटाबाच्या रिमोटमध्ये उणे चिन्हाचा. मित्राच्या रिमोटमधले आकडे जसेच्या तसे आपल्या रिमोटमध्ये घातले आणि चिन्ह चुकलं, तर विमान मध्यावरच भयंकर तिखट होतं. पडद्यावरचा आलेख मध्याजवळ सपाट दिसतो का, एवढं एकदा बघून घ्यावं.

दोष हातात आहे की विमानात, हे कसं ओळखायचं?

विमान भरपूर उंचीवर न्या, म्हणजे दोन चुका झाल्या तरी सावरता येईल एवढं वर. अर्ध्या थ्रॉटलवर सरळ उडवा आणि काड्या दोन-तीन सेकंद सोडून द्या. हेच वाऱ्याच्या दिशेने आणि वाऱ्याविरुद्ध, असं किमान तीन-तीन वेळा करा.

दर वेळी विमान त्याच बाजूला गेलं तर दोष विमानाचा. कधी डावीकडे, कधी उजवीकडे गेलं तर तो वारा किंवा हात. वाऱ्यासोबत जाताना एक वागणूक आणि वाऱ्याविरुद्ध दुसरी दिसली तर ट्यूनिंगचा दिवसच चुकीचा निवडलाय. शांत हवेची वाट बघावी.

ही सवय लागली की 'मला जमत नाही' या वाक्याची जागा 'विमान उजवीकडे ओढतं' असं तपासता येणारं वाक्य घेतं. शिकणाऱ्यासाठी हा फरक मोठा आहे.

हवेतल्या चाचण्या कोणत्या क्रमाने करायच्या?

पुढच्या पाच चाचण्या याच क्रमाने कराव्यात, कारण आधीची बदलली की नंतरचीचं उत्तर बदलतं. एका उड्डाणात एकच बदल करायचा.

पहिली चाचणी सरळ उड्डाणाची. काड्या सोडूनही विमान सरळ जाईल इतका ट्रिम द्यायचा. मग उतरवून क्लेव्हिस फिरवायची आणि रिमोटवरचा ट्रिम पुन्हा शून्यावर आणायचा.

दुसरी गुरुत्वमध्याची. विमान ४५ अंशांत वर चढवायचं, अर्धा रोल देऊन उलटं करायचं आणि एलिव्हेटर सोडायचा. ते त्याच रेषेत जात राहिलं किंवा अगदी हळू खाली झुकलं तर तोल योग्य. झपकन नाक जमिनीकडे टाकलं तर नाक जड आहे. कारण नाक जड असलेलं विमान सुलटं सरळ उडावं म्हणून आपण एलिव्हेटरला किंचित वरचा ट्रिम दिलेला असतो. उलटं झाल्यावर तोच ट्रिम त्याला जमिनीकडे खेचतो. अशा वेळी बॅटरी ५ मिलिमीटर मागे सरकवायची. याउलट उलटं विमान स्वतःहून वर जायला लागलं तर शेपूट जड आहे, बॅटरी पुढे. बॅटरी सरकवली की पहिली चाचणी परत करायची.

तिसरी मोटरच्या रोखाची. पूर्ण थ्रॉटल देऊन विमान सरळ वर उभं चढवायचं. पंखा मागून बघताना घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर त्याची प्रतिक्रिया आणि शेपटीवर आदळणारी पिळलेली हवा विमानाला डावीकडे ओढतात. म्हणून मोटर २ ते ३ अंश उजवीकडे वळवून बसवतात. विमान अजूनही डावीकडे जात असेल तर रोख आणखी वाढवायचा. मोटरच्या स्क्रूंमध्ये ३० मिलिमीटर अंतर असेल, तर डाव्या बाजूच्या स्क्रूंखाली अर्ध्या मिलिमीटरचा वॉशर घातला की रोख साधारण १ अंशाने उजवीकडे वळतो. रडरला ट्रिम देऊन हा दोष झाकला तर थ्रॉटल कमी केल्याबरोबर विमान उलट्या बाजूला जाईल.

चौथी लूपची. वाऱ्याविरुद्ध, पंख सपाट ठेवून आवळ लूप घ्यायचे. दर वेळी एकच पंख खाली पडत असेल तर तो जड आहे. टेबलावर न दिसणारे दोन-तीन ग्रॅम इथे दिसतात, कारण लूपमध्ये विमानाचं वजन कित्येक पटींनी वाढल्यासारखं वागतं.

पाचवी धारेवरच्या उड्डाणाची. विमान ९० अंशांत आडवं करून फक्त रडरवर तोलायचं. ते पोटाकडे किंवा पाठीकडे ओढत असेल, किंवा आपोआप गोल फिरत असेल, तर रिमोटमध्ये रडरबरोबर थोडा एलिव्हेटर किंवा एलेरॉन मिसळायचा. मिक्सिंगची पाळी येते ती इथेच, सगळ्यात शेवटी. सुरुवात ३ ते ५ टक्क्यांपासून. २० टक्क्यांच्या पुढे जावं लागलं तर आधीच्या चारपैकी एखादी चाचणी नीट झालेली नाही, असं समजावं.

नवापूरच्या हवेत काय बदलतं?

थंडीत पहाटे इथे १२ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान असेल आणि उन्हाळ्यात दुपारी ४२ असेल, तर त्या दुपारी हवा सुमारे १० टक्क्यांनी विरळ झालेली असते. पंख्याच्या तेवढ्याच फेऱ्यांत ओढ १० टक्क्यांनी कमी मिळते. विमान हवेत टिकण्यासाठी लागणारा किमान वेगही साधारण ५ टक्क्यांनी वाढतो. जानेवारीत हळुवार उतरणारं विमान मे महिन्यात उतरताना अचानक पंख टाकतं, त्याचं हे कारण. उन्हाळ्यात थोडं जास्त वेगात उतरवावं लागतं.

उष्णतेचा दुसरा फटका ईएससी आणि बॅटरीला बसतो. ज्या हवेने त्यांना थंड करायचं तीच तापलेली असते. विमानाच्या नाकात हवा आत जायला जेवढं भोक आहे, त्यापेक्षा मोठं भोक मागे हवा बाहेर पडायला हवं. बॅटरी बंद गाडीत किंवा मोटरसायकलच्या डिकीत उन्हात ठेवायची नाही. उतरल्यावर ती हातात धरवत नसेल इतकी तापली असेल तर पंखा मोठा आहे किंवा बॅटरी लहान पडतेय. लगेच परत चार्जिंगला लावायची नाही, आधी थंड होऊ द्यायची. चार्जिंग २.२ अँपिअरवर, न जळणाऱ्या जागेवर आणि डोळ्यांसमोर करायचं. फुगलेली किंवा टोचली गेलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. आठवडाभर उडवायचं नसेल तर प्रत्येक सेल ३.८ व्होल्टवर ठेवायचा.

थंडीत अडचण उलटी असते. थंड बॅटरी सुरुवातीला दबते, पूर्ण थ्रॉटलला व्होल्टेज एकदम खाली येतं. पहाटे उडवण्याआधी ती खिशात ठेवून कोमट करून घ्यावी.

तिसरी गोष्ट वारा. शेजारच्या साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत, त्या उगाच नाहीत. पावसाळ्याच्या तोंडावर या पट्ट्यात वारा जोरात असतो. ट्यूनिंगसाठी हिवाळ्यातली सकाळ सगळ्यात चांगली. त्यातही संक्रांतीचे दिवस टाळावेत, कारण हवेत तरंगणारा मांजा पंख्यात गुंडाळला की मोटर जागच्या जागी अडकते.

कुठे उडवता येतं आणि नियम काय?

९०० ग्रॅमचं विमान ताशी ७२ किलोमीटर वेगाने आदळलं, तर तो धक्का तेच वजन २० मीटर उंचीवरून, म्हणजे सहा-सात मजल्यांवरून, पडल्याएवढा असतो. १० इंची पंखा मिनिटाला ९,००० फेरे घेत असेल तर त्याच्या टोकाचा वेग ताशी ४३० किलोमीटर होतो. बोटाला तो सुरीसारखा कापतो. म्हणून टेबलावरचं सगळं काम पंखा काढून करायचं. मैदानावर आधी रिमोट चालू करायचा आणि मगच बॅटरी जोडायची. बंद करताना आधी बॅटरी काढायची, मग रिमोट बंद करायचा.

भारतात २०२१ च्या ड्रोन नियमांमध्ये पंख असलेली मानवरहित विमानंही येतात. २५० ग्रॅमपर्यंतचं विमान 'नॅनो' आणि २ किलोपर्यंतचं 'मायक्रो' गटात मोडतं. आपलं ९०० ग्रॅमचं विमान मायक्रो झालं. व्यावसायिक कामासाठी नसेल तर मायक्रो गटाला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. नोंदणीबाबतची ताजी अट मात्र सरकारी संकेतस्थळावर वाचून घ्यावी. हिरव्या क्षेत्रात जमिनीपासून ४०० फुटांपर्यंत, म्हणजे १२० मीटरपर्यंत उडवता येतं. चालू विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा २०० फूट आहे. उडवायच्या दिवशी सरकारी नकाशावर आपल्या जागेचा रंग बघणं बंधनकारक आहे. नियम मोडल्यास १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. हे नियम केंद्राचे असल्याने सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखेच आहेत. पण उडवताना आपण कोणत्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत उभे आहोत, हे नवापूरमध्ये माहीत असलेलं बरं.

नकाशा हिरवा असला तरी इथे दोन गोष्टी आणखी बघाव्या लागतात. एक, सुरत-भुसावळ रेल्वेमार्ग. त्यावरच्या तारेत २५,००० व्होल्टचा दाब असतो. विमान रुळांवर पडलं किंवा तारेला अडकलं तर स्वतः काढायला जायचं नाही, काठीनेसुद्धा नाही. स्थानकावर कळवायचं.

दुसरी, कोंबड्यांच्या शेड. नवापूर कुक्कुटपालनासाठी ओळखलं जातं. २००६ साली भारतातला बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक इथेच झाला आणि त्यात या व्यवसायाची मोठी हानी झाली. शेडवरून खाली घिरट्या घालणाऱ्या विमानाने कोंबड्या बिथरल्या तर एका कोपऱ्यात गर्दी करून गुदमरतात. आपल्या खेळापायी दुसऱ्याच्या पोटावर पाय येऊ नये. पीक निघालेलं मोकळं शेत, मालकाची परवानगी आणि शेड, वस्ती, रस्ता यांच्यापासून लांब अशी जागा शोधावी.

ट्यूनिंग कधी संपतं?

एका सकाळी चार बॅटऱ्या असतील तर चार उड्डाणं होतात, म्हणजे चार बदल. पाचही चाचण्या नीट पार पडायला दोन-तीन सुट्ट्या जातात. दरम्यान सरावासाठी संगणकावरचा सिम्युलेटर वापरता येतो. तिथलं विमान ट्यून केलेलंच असतं, त्यामुळे तिथे जे चुकतं ते हाताचं असतं, हा त्याचा आणखी एक फायदा.

मैदानावर एक साधी वही न्यावी. तारीख, तापमान, वारा, बॅटरीची जागा, काय बदललं आणि विमान काय करू लागलं, एवढ्याच नोंदी करायच्या. बदल फसला तर मागचा आकडा वहीत सापडतो आणि विमान पुन्हा होतं तसं करता येतं. बॅटरी, मोटर किंवा पंखा बदलला की पहिल्या चाचणीपासून पुन्हा सुरुवात करायची. उन्हाळा सुरू झाला की निदान पहिल्या दोन चाचण्या परत करून घ्यायच्या.